आमचा डॅम्पर हलतो

ज्या सकाळी शेजारच्या इमारतीने आमच्या इमारतीला टक्कर मारली, त्या सकाळी मी दाढी करत होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. आरसा हलला. मला वाटलं, माझंच डोकं हललं; आणि वयाचा विचार करता मी ते मुकाट्याने मान्यही करून टाकलं. पण मग तावदानं खडखडली, बादलीतलं पाणी काठावरून बाहेर आलं आणि मागच्या भिंतीपलीकडून 'धप्प' असा आवाज आला. जरा दमाने पुन्हा 'धप्प'. भूकंप अगदीच किरकोळ होता. वर्तमानपत्राने दुसऱ्या दिवशी त्याला आतल्या पानावर, चष्म्याच्या जाहिरातीखाली जागा दिली. पण तो धप्प आमच्या घरात झाला होता, आणि नेमका आईच्या खोलीच्या भिंतीवर झाला होता.

आमची इमारत आणि शेजारची इमारत यांच्यामध्ये हात घालता येईल एवढीच फट आहे. हात मी स्वतः घालून पाहिलेला आहे, कारण सोसायटीचा सेक्रेटरी मी आहे आणि असली कामं सेक्रेटरीकडेच येतात. कोपरापर्यंत सहज जातो. काढताना तेल लागतं.

"त्या इमारतीने आपल्याला मारलं," आई म्हणाली.

"आई, इमारत कुणाला मारत नाही. भूकंप झाला."

"भूकंप सगळ्यांना झाला. मार आपल्यालाच बसला."

एवढं बोलून तिने पिशवी भरली, चष्मा घेतला, शाल घेतली आणि चार मजले उतरून पार्किंगमध्ये जाऊन बसली. माझ्या गाडीची जागा तिने बरोबर हेरली. तिथे खुर्ची टाकून तिने मला सांगितलं, की या दोघी एकमेकींना मारायच्या थांबल्या की मी वर येईन, तोवर मला वर बोलवायचं नाही. रात्री झोपायला ती तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे जाई, कारण तिथून बाहेरचं दार दोन पावलांवर होतं. उजाडलं की पुन्हा खुर्चीत हजर. माझी गाडी रस्त्यावर उभी राहिली आणि पक्ष्यांनी तिचं काय केलं ते सांगण्यासारखं नाही.

गाडीचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते अब्रूचं. पोस्टमनने पहिल्याच दिवशी विचारलं, "आजी, इथे का बसलात?" आई म्हणाली, "वर राहण्यासारखं नाही आता." अगं आई, वाक्य तरी पुरं कर. भूकंपामुळे, भिंतीमुळे, शेजारच्या इमारतीमुळे, काहीतरी पुढे जोड. पण नाही. पोस्टमन ते अर्धं वाक्य घेऊन सगळ्या गल्लीत फिरला. संध्याकाळपर्यंत अनोळखी माणसं फाटकाशी थांबून माझ्याकडे रोखून पाहायला लागली. परगावाहून ताईचा फोन आला. "आईला पार्किंगमध्ये ठेवलंयस म्हणे?" तिचा आवाज असा होता, की मी आपण होऊन "सॉरी" म्हणून मोकळा झालो. शेजारच्या इमारतीशी आमचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. का नव्हतं ते दोन्ही बाजूंच्या लोकांना आठवत नव्हतं, म्हणून तर ते भांडण मिटतही नव्हतं. आता त्याच इमारतीतल्या बायका माझ्या आईला गरम सूप आणून द्यायला लागल्या. ती घोट घोट प्यायची आणि मी दिसलो की त्या बायका गप्प व्हायच्या.

माझ्या बायकोच्या बहिणीची मुलगी इमारतींची इंजिनिअर आहे. तिला बोलावलं. ती येऊन भिंतीवर टकटक करून गेली, गच्चीवरून वाकून पाहून आली आणि चहा घेता घेता म्हणाली, "काका, तुमची इमारत बुटकी आणि जाड आहे. शेजारची उंच आणि सडपातळ. जमीन हलली की दोघी डुलतात, पण आपापल्या तालात. ताल जुळत नाही म्हणून आपटतात."

माझी बायको उंच आहे. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"मग उपाय?" मी घाईघाईने विचारलं.

"मध्ये डॅम्पर बसवायचे. दोन लागतील. तेलाने भरलेलं नळकांडं असतं, आत दट्ट्या. एक टोक या इमारतीला, दुसरं त्या इमारतीला. हळू हलल्या तर हलू देतो, जोरात धावल्या तर धरून ठेवतो. ऑफिसच्या दाराला वर तो लोखंडी हात असतो ना, दार धाडकन आपटू नये म्हणून? तसंच समजा."

मला ते फार पटलं. मी ते दाराचं उदाहरण सोसायटीत प्रत्येकाला सांगितलं, आणि काहींना दोनदा सांगितलं. पुढे पुढे मी जिन्यात दिसलो की लोक आपापली दारं अगदी हळू लावून घ्यायला लागले. त्यावरून विषय त्यांना कळला असावा असं मी धरून चाललो.

सभा बोलावली. सभेत सल्ल्याला तोटा नसतो. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी फटीत जुन्या गाद्या कोंबा म्हणून सुचवलं. त्यांच्याकडे जुन्या गाद्या होत्या. खजिनदारांचं मत टायरकडे होतं. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "दात उंच झाला की आम्ही घासतो. तुम्ही कोपरा घासून घ्या." एका बाईंनी शेजारच्या इमारतीला दिसेल असा 'धक्का मारू नये' असा फलक लावायची सूचना केली आणि तिला अनुमोदनही मिळालं. मी दोन तास दाराचं उदाहरण देत उभा होतो. शेवटी आईने खालून निरोप पाठवला की सभेचा आवाज पार्किंगपर्यंत येतोय, जे काय करायचं ते लवकर करा. तेव्हा कुठे ठराव पास झाला.

आता शेजारच्यांना विचारायचं होतं. त्यांचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. अडचण अशी, की दोन्ही इमारतींच्या मजल्यांची उंची वेगळी. आमचा स्लॅब त्यांच्या खिडकीसमोर येतो, त्यांचा आमच्या पंख्यासमोर. स्लॅबसमोर स्लॅब अशी जागा भाचीला सबंध उंचीत एकदाच सापडली. आमच्या बाजूला ती आईच्या खोलीच्या बाहेर आली आणि त्यांच्या बाजूला हेडमास्तरांच्या न्हाणीघराच्या बाहेर. म्हणजे दोन इमारतींचं जे काय जमायचं ते आमच्या दोन घरांतच जमायचं होतं.

मी आकृती काढून घेऊन गेलो. हेडमास्तरांनी दार उघडलं, मला उभंच ठेवलं, खिशातून लाल पेन काढलं आणि आकृतीवर झुकले.

"रेषा पट्टीने मारायची असते," ते म्हणाले.

"हो सर." मी त्यांचा विद्यार्थी कधीच नव्हतो. पण तोंडून निघून गेलं.

"बाणांना नावं दिलेली नाहीत. ही तुमची इमारत एवढी मोठी का काढली? दहापैकी पाच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "परवा तो हादरा बसला तेव्हा मी न्हाणीघरात होतो. अधिक विचारू नका. डॅम्पर बसला पाहिजे."

मला वाटलं, झालं काम. पण त्यांनी पेनाचं टोक नळकांड्यावर ठेवलं. "याची एक बाजू जाड आहे. एक बारीक."

"हो. जाड ते नळकांडं, बारीक तो दांडा."

"जाड बाजू आमच्याकडे."

आता वास्तविक जाड बाजू कुणाकडे आहे याने भूकंपाला काही फरक पडत नाही. मलाही पडू नये. पण आमच्या खजिनदारांना हे कळताच त्यांचा आवाज चढला. आपण पुढाकार घ्यायचा, आपण इंजिनिअर आणायची, आणि आपल्याकडे काडी? समिती पेटली. चार दिवस या खिडकीतून त्या खिडकीत निरोप गेले. मी हेडमास्तरांना सांगितलं की दांड्याची बाजू दिसायला नाजूक असते, घराला शोभते. त्यांनी मला तीच घरी लावून घ्या म्हणून सांगितलं. शेवटी मी तोडगा काढला. दोन डॅम्पर आणायचे, एकाची जाड बाजू इकडे, दुसऱ्याची तिकडे. दोन्हीकडे माझं कौतुक झालं. भाचीला फोन करून मी माझी ही युक्ती सांगितली. ती म्हणाली, "काका, मी पहिल्या दिवशीच दोन म्हटलं होतं." फोन मध्येच तुटला असं मी भासवलं.

मग सरकारी परवानगी. खिडकीतल्या बाबूंनी विचारलं, "बांधकाम की यंत्र?"

"डॅम्पर," मी म्हणालो.

"ते मी वाचलं. बांधकाम असेल तर वरचा मजला. यंत्र असेल तर मागची इमारत."

मी दोन्हीकडे जाऊन आलो. वरच्या मजल्याने हे तेलावर चालतं म्हणून यंत्र ठरवलं. मागच्या इमारतीने हे काहीच करत नाही, नुसतं असतं, म्हणून बांधकाम ठरवलं. तिथल्या एका हुशार माणसाने सुचवलं, की दोन ठिकाणं जोडतो तो पूल, तुम्ही पूल विभागात जा. मी गेलो. पूल विभागाचे साहेब भला माणूस. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पेन उघडलं.

"पादचारी की वाहनं?"

"साहेब, त्यावरून कुणीच जाणार नाही."

"मग पूल कशाला बांधताय?"

मी दाराचं उदाहरण दिलं. ते उठून आपलं दार उघडबंद करून पाहायला लागले, त्यांच्या दाराला तो हात होता आणि तो बिघडलेला होता, आणि मग पुढचा सगळा वेळ मी स्टुलावर चढून तो हात दुरुस्त करण्यात घालवला. काम झालं नाही. दार मात्र उत्तम झालं.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंना माझी दया आली. त्यांनी नियमावली चाळून एक जागा दाखवली. भिंतीबाहेर बसवलेली, कपडे वाळत घालण्याची दांडी, हिला परवानगी लागत नाही, नुसतं कळवायचं. "लांबी बसते," त्या म्हणाल्या, "आणि जाडीबद्दल नियमात काहीच नाही. फक्त वापर त्याच कामासाठी असला पाहिजे. पाहणीला माणूस येईल." मी तिथल्या तिथे दोन दांड्या कळवून मोकळा झालो. भाचीने हे ऐकून बराच वेळ डोळे मिटून घेतले होते. इतका अभ्यास करून आपण दांडीची इंजिनिअर झालो, असं काहीसं ती पुटपुटली.

डॅम्पर बसले. भिंतीला भोकं पाडताना आईच्या खोलीत धुळीचा थर साचला, हेडमास्तरांच्या न्हाणीघराच्या फरशा निघाल्या, आणि एक फरशी फटीतून खाली पडून तळाशी उभी राहिली ती अजून आहे. पण बसले. राखाडी, गुळगुळीत, दोन तोंडं दोन बाजूंना. मी खिडकीतून त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो. आपल्या हातून जन्मात काही मोठं काम झालं असेल तर ते हेच असं मला मनापासून वाटलं. मी खाली जाऊन आईला म्हणालो, "चल वर."

"थांबल्या का मारायच्या?"

"आता मारणारच नाहीत."

"बघू," ती म्हणाली आणि पोस्टमनकडे वळली. त्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल त्यांचं काहीतरी अर्धवट राहिलं होतं.

दोन दिवसांनी पाहणीचा माणूस आला. त्याने मान वर केली, खिडकीतून फटीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "कपडे कुठे आहेत?" मी म्हणालो, आज धुणं नव्हतं. तो म्हणाला, मग मी लिहितो की वापर नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे पाहिलं, आणि हातात सापडलं ते ओलं करून आम्ही भूकंपरोधक यंत्रणेवर टाकलं. माझे दोन शर्ट, एक चादर. पलीकडून हेडमास्तरांच्या पत्नींनी प्रसंग ओळखून त्यांचा पायजमा टाकला. कित्येक वर्षांत दोन इमारतींनी एकत्र येऊन केलेलं ते पहिलं काम. माणूस समाधानाने गेला, पण जाताना सांगून गेला की अधूनमधून येत राहीन. तेव्हापासून दोन्ही घरांचं धुणं त्या डॅम्परवर पडायला लागलं आणि खालून जाणाऱ्यांना वाटायला लागलं, की सेक्रेटरीने सोसायटीच्या ठरावाने स्वतःसाठी दांडी करून घेतली. हेही मी सोसलं.

कपडे वाळत घालता घालताच तो घोटाळा झाला. एका दुपारी हेडमास्तरांनी न्हाणीघराच्या खिडकीतून हाक मारली.

"सेक्रेटरी, हा हलतो."

"कोण?"

"तुमचा डॅम्पर." बसेपर्यंत तो आमच्या दोघांचा होता. "सकाळी दांडा इथवर होता. आता उन्हात बघा. आत गेलाय. मी पेन्सिलने खूण केली आहे."

मी पाहिलं. खरंच खूण सरकली होती. नखभर, पण सरकली होती. खाली ट्रक गेला तेव्हा आम्ही दोघांनी आपापल्या खिडकीतून श्वास रोखून पाहिलं, आणि तो दांडा जरासा आत जाऊन बाहेर आला. नवी कोरी वस्तू, इतकं सव्यापसव्य करून आणलेली, आणि हलते? आमच्या घरात हलणारं काही चालत नाही. टेबल हललं की मी पायाखाली कागदाची घडी घालतो, नळ हलला की सुतळी बांधतो. हेडमास्तरांचा तर जन्म हलणाऱ्या मुलांना नीट बसवण्यात गेला होता. भाची कामासाठी दुसऱ्या गावी होती. तिला उगाच कशाला त्रास द्यायचा, तिचीच चूक तिला दाखवून लाजवायचं कशाला, असा आम्ही मोठ्या मनाने विचार केला. नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याला बोलावून दोन्ही दांड्यांवर जाडजूड लोखंडी पट्टे घट्ट आवळून घेतले. मग ट्रक जायची वाट पाहिली. ट्रक गेला. डॅम्पर तसूभर हलला नाही. हेडमास्तरांनी मला खिडकीतून हात दिला. दहापैकी आठ, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पलंगासकट दचकून जागा झालो. पलंग उडत होता. ताल अगदी नियमित होता. मी भूकंप समजून बायकोला हलवलं, ती म्हणाली, "तुम्ही हलवताय की तो हलवतोय ते आधी ठरवा." मग लक्षात आलं, की पलीकडे हेडमास्तर जागच्या जागी उड्या मारण्याचा व्यायाम करत होते, आणि त्यांची प्रत्येक उडी दोन लोखंडी पट्ट्यांमधून सरळ आमच्या पलंगात उतरत होती. दिवस वर आला तसं एकेक उलगडत गेलं. त्यांचं कपड्यांचं यंत्र फिरायला लागलं की आमचे कप फळीवरून चालत कडेला यायचे. आमच्याकडे वरच्या मजल्यावर नाचाचा वर्ग भरतो, त्याने हेडमास्तरांच्या भिंतीवरचं घड्याळ पडलं. आमचा मिक्सर लागला की त्यांच्या न्हाणीघरातला नळ आपोआप ठिबकायचा. दुपारी ते खिडकीत आले तेव्हा बोलत नव्हते, नुसते माझ्याकडे पाहत होते. मीही तसाच पाहत होतो. जुनं भांडण कशावरून झालं होतं ते माहीत नव्हतं, पण नव्याला आता भरपूर कारण मिळालं होतं.

आईला खाली सगळं कळलं. ती म्हणाली, "आधी नुसत्या मारत होत्या. आता गळ्यात गळा घालून मारतात."

भाची परतली. तिने पट्टे पाहिले. तिचा आवाज चढला नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. एका खिडकीत मी, समोरच्या खिडकीत हेडमास्तर, मध्ये वाळणारी चादर, आणि माझ्या शेजारी उभी राहून ती आम्हा दोघांना बोलत होती.

"काका, दाराच्या वरच्या त्या हाताला तुम्ही कधी साखळीने बांधता का?"

"नाही."

"का नाही?"

"दार हलणार नाही मग," मी म्हणालो. ते उदाहरण मी सबंध सोसायटीला, चार कार्यालयांना आणि एका पूल विभागाला देऊन आलो होतो.

"हलणं हेच याचं काम आहे. उन्हाने इमारती फुगतात, थंडीने आक्रसतात, हा सरकत राहतो. हलला नाही तर मला फोन करायचा. हलला तर नाही करायचा." मग चादरीची पलीकडची बाजू उचलून, "सर, तुम्हालाही सांगतेय मी."

"हो बाई," हेडमास्तर म्हणाले.

पट्टे निघाले. पलंग शांत झाला, कप जागेवर राहिले. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघं आपापल्या खिडकीत यायला लागलो. ते विचारायचे, "हलतोय ना?" मी म्हणायचो, "हलतोय." दिवस चांगला जायचा. दोन्ही इमारतींचं बोलणं सुरू झालं ते या एवढ्या संभाषणावर. पण आई अजून खालीच होती, आणि तिच्या खोलीची धूळ पुसून, चादर बदलून, मी रोज ती रिकामी खोली पाहत होतो. खरं सांगायचं तर लोक काय म्हणतात त्याचं मला आता काही वाटत नव्हतं. घरात ती नव्हती, हे मला सोसत नव्हतं.

मी खाली गेलो आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसलो. भाचीने तिला सगळं समजावून सांगितलं होतं. मीही सांगितलं होतं. दाराचं उदाहरण मी या वेळी दिलं नाही.

"आई, तू वर चल. तुला काही होणार नाही. मी शब्द देतो."

तिने चष्म्यातून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "त्या नळकांड्यातलं मला काही कळलं नाही," ती म्हणाली. "पण तू शब्द देतोस ना?"

"देतो."

"मग चल." ती उठली. पिशवी तिने माझ्या हातात दिली, शाल खांद्यावर टाकली. शिवणकामवाल्या मावशी रडल्या. पोस्टमन हळहळला. शेजारच्या इमारतीतल्या बायकांनी सुपाचा डबा बरोबर दिला. जिना चढताना ती मजल्यामजल्यावर थांबत होती आणि मी तिच्या मागे, पिशवी घेऊन, ताठ मानेने चढत होतो. माझी गाडी पार्किंगमध्ये आली.

त्यानंतरच्या आठवड्यात, चार वाजता, आई आणि मी तिच्या खोलीत चहा घ्यायला बसलो होतो. बायको बाहेर गेली होती. मी आईला सांगत होतो, की आता भूकंप आला तरी माणसाने जागचं हलायचं कारण नाही. मी हे बशीत चहा ओतता ओतता म्हणालो, आणि बशीतला चहा एका बाजूला गेला. मग दुसऱ्या बाजूला गेला. तावदानं खडखडली.

पुढचं मला आठवत नाही. साक्षीदार मात्र पुष्कळ आहेत. त्यांच्या सांगण्यावरून, दोन्ही इमारतींमधून पार्किंगमध्ये सगळ्यात आधी मी पोचलो. हातात बशी होती, कप वरच राहिला होता. माझ्या मागोमाग, एका पायात चप्पल घालून, हेडमास्तर आले. मग खजिनदार, दातांचे डॉक्टर, गाद्यावाले, नाचाचा सबंध वर्ग. जमीन केव्हाच थांबली होती. आम्ही सगळे मान वर करून त्या फटीकडे पाहत उभे होतो.

"आवाज आला नाही," हेडमास्तर हळूच म्हणाले. "लक्षात आलं का तुमच्या? धप्प झालं नाही."

खरंच झालं नव्हतं. दोन्ही इमारती आपापल्या तालात डुलल्या होत्या आणि एकमेकींना शिवल्या नव्हत्या. डॅम्परवरचे माझे शर्ट अजून झुलत होते. कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी वाजवल्या. खजिनदारांनी माझी पाठ थोपटली. हेडमास्तर सवयीने माणसं मोजायला लागले. आपली मोजली, आमची मोजली, आणि बोट माझ्यापाशी थांबलं.

"तुमच्या मातोश्री कुठे आहेत?"

मी वर पाहिलं. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत आई उभी होती. तिने चष्मा लावला होता आणि ती खाली आम्हा सगळ्यांना नीट न्याहाळत होती. मला ओळखल्यावर तिने हात हलवला.

ते चार मजले मी कसे चढलो ते मला चांगलं आठवतं. लोक खाली टाळ्या वाजवत होते आणि मला भिंतीत शिरावंसं वाटत होतं. मी माझ्या आईला शब्द देऊन वर आणली होती, आणि तिला तिथेच सोडून पळालो होतो. दारात येऊन मी उभा राहिलो. ती पुन्हा आपल्या जागेवर बसली होती. माझा कप तिने बाजूला उचलून ठेवला होता.

"आई," मी म्हणालो, "तू खाली का नाही आलीस?"

"तू शब्द दिला होतास की."

मान वर करवत नव्हती. बशी अजून माझ्या हातात होती. ती तिने काढून घेतली.

"तुला कुणी दिला नव्हता," ती म्हणाली. "म्हणून पळालास. मग आता मी देते. तुला काही होणार नाही. बस आता, चहा घे."

मी बसलो.